साडेसहा हजारांचा स्कॅनर आणि अडीच फुटांची केबल

परवा गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरची केबल बुडातून तुटली, म्हणून हे लिहायला बसलो. घेऊन सात महिने झाले, वॉरंटी सहा महिन्यांची. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, केबल सुटी मिळत नाही, नवा पीस घ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच निळा डबा स्टिकर बदलून तीन-चार नावांनी विकायला आहे.

आमची गाडी २०११ ची डिझेल हॅचबॅक. तेव्हा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) हवं तर वरचं व्हेरिएंट घ्यावं लागायचं, सगळ्या गाड्यांना सक्ती २०१९ मध्ये झाली. जास्तीचे पैसे मोजून घेतलेली वस्तू म्हणून माझा तिच्यावर जरा जीव. घटस्थापनेला तुळजापूरहून येताना एबीएसचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनचे ८०० रुपये घेतले आणि निदान सांगितलं: मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कॉम्प्युटर, गेलं, ३८ हजार. कोड कुठला आला ते दाखवा म्हटलं, तर "ते आतलं असतंय सर." गल्लीतल्या मेस्त्रीचा उपाय स्वस्त होता. "अण्णा, ब्रेक लागतंय न्हवं? मग बल्ब काढून टाकू की!"

ब्रेक लागत होता हे खरंच. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक चालतो, फक्त चाक लॉक होऊ न देणारी सोय बंद पडते. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी जागेवर उभी करायची, आधी ब्रेक ऑइलची पातळी बघायची, आणि असले घरगुती प्रयोग करत बसायचं नाही.

माझ्याकडे गाडीच्या पोर्टला लावून मोबाइलवर कोड दाखवणारं सहाशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल होतं. ते इंजिनाचे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतं. एबीएसचा कॉम्प्युटर वेगळा, त्याचे कोड 'सी'ने सुरू होतात, आणि तिथवर त्या डोंगलचा हात पोचत नाही. म्हणून साडेसहा हजार घालून हा डबा मागवला. घेताना एकच खात्री करा: आपल्या मॉडेलचं एबीएस उघडतं का, आणि चारही चाकांचा वेग चालू गाडीत दिसतो का. नुसतं 'सर्व गाड्यांना चालते' असं लिहिलेलं असेल तर ते इंजिनापुरतं समजा.

पहिल्याच दिवशी सी००३५ आला: लेफ्ट फ्रंट व्हील स्पीड सेन्सर सर्किट, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर. मी 'सेन्सर'पर्यंत वाचलं आणि 'सर्किट' सोडून दिलं. १,४५० चा सेन्सर आणून बसवला, कोड पुसला, दिवा गेला. त्या रात्री मी घरात जे काही बोललो ते बायको अजून ऐकवते. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

संक्रांतीला, गड्ड्याची (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी चुकवत गल्लीबोळातून गाडी काढताना, दिवा परत लागला. कोड तोच.

आता केबलबद्दल. ती अडीच फुटांची आहे. मोजली आहे. आपल्याकडे स्कॅनर जोडायचं पोर्ट स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी. म्हणजे डबा एकतर ड्रायव्हरच्या मांडीवर, नाहीतर गिअरच्या दांड्यापर्यंत. शेजारी बसलेल्याच्या हातात तो जातच नाही, आणि मध्ये केबल क्लचवरच्या पायाला अडकते. ब्रेकची तपासणी करायच्या यंत्राची केबल पेडलवर लोंबते! इंजिनाचा कोड उभ्या गाडीत वाचता येतो. चाकांचा वेग मात्र चालत्या गाडीतच बघायचा असतो आणि तो चालवणाऱ्याने बघायचा नसतो. आणखी तीन फूट वायरीला त्यांना किती खर्च आला असता?

म्हणून ३५० ची एक्स्टेन्शन केबल घेतली. ती लावली तर इंजिन उघडलं, एबीएस मात्र "नो कम्युनिकेशन". दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सर्व्हिस सेंटरवाला खरा ठरला, ३८ हजार गेले, असंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी वैतागून एक्स्टेन्शन काढली आणि एबीएस लगेच उघडलं. मल्टिमीटरने एकेक पिन तपासली. सोळा पिनांच्या त्या केबलमध्ये नऊच तारा, आणि ७ नंबरची पिन नुसती शोभेला. माझ्या गाडीत इंजिन ६ आणि १४ वरून बोलतं, एबीएस ७ वरून.

शेवटी भाच्याला बोलावलं. रविवारी सकाळी सात वाजता जुळे सोलापूरच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर मी गाडी वीसच्या वेगाने चालवतोय आणि तो गिअरच्या दांड्यावर वाकून आकडे वाचतोय. सरळ रस्त्याला चारही चाकं २०, २०, २१, २०. उजवीकडे पूर्ण वळण घेतलं आणि तो ओरडला, "मामा, डावं पुढचं गेलं की शून्यावर!" उजव्या वळणात डावं चाक बाहेरून फिरतं, म्हणजे त्याचा आकडा उलट वाढायला हवा. सरळ केलं की परत २०.

घरी आणून बोनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडली आणि मॉड्यूलचं कनेक्टर काढून त्या सेन्सरच्या दोन तारांवर मीटर लावला. स्टिअरिंग सरळ असताना १.२ किलोओम, भाच्याने उजवीकडे फिरवलं की तार तुटल्यासारखं. (जुन्या, वीज स्वतः तयार करणाऱ्या सेन्सरलाच हे करावं. नवे हॉलवाले, बाहेरून वीज लागणारे सेन्सर ओमवर मोजायला जाऊ नये, बिघडू शकतात.) चाकाशेजारी शॉकअबच्या क्लिपपाशी वायरचं काळं आवरण धडधाकट, पण बोटांनी दुमडलं तर एका ठिकाणी सुतळीसारखं मऊ. आतलं तांबं तुटलेलं. चौदा वर्षं प्रत्येक वळणाला तिथेच वाकलेलं. डाख वाकणाऱ्या जागी दिला तर पुन्हा तुटेल, म्हणून फूटभर तुकडा कापून नवी मऊ वायर घातली, पीळ होता तसाच ठेवला, दोन्ही जोड वाकण्यापासून लांब घेतले आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवली. खर्च साठ रुपये. म्हणजे जुना सेन्सर चांगलाच होता. तो अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

फेब्रुवारीपासून दिवा नाही. तेव्हापासून माझं मत असं की कोड वाचणं ही या डब्यातली सगळ्यात कमी कामाची गोष्ट. मार्चमध्ये एका मित्राची गाडी आली. दिवा नाही, कोडही नाही, पण थांबता थांबता आठ-दहाच्या वेगाला ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरायचं. मेस्त्रीने डिस्क घासून दिल्या होत्या, फरक शून्य. आकडे बघितले तर थांबताना मागचं उजवं चाक बाकीच्यांच्या आधीच शून्यावर जायचं. कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक झालं, म्हणून तो एबीएस चालवतो. चाक उघडलं तर सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो त्या दातेरी रिंगला बारीक तडा, त्यात गंज. (नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका, स्टँड लावा.)

बाकी किरकोळ. मेनू इंग्रजी आहे, चालतं. आपल्या मेच्या उन्हात गाडीत ठेवला तर स्क्रीन काळा पडतो, पंख्याखाली धरला की परत येतो. बटणांचा आवाज बंद होत नाही. ३८ हजारांपुढे साडेसहा, वर चुकीचा सेन्सर आणि आंधळी एक्स्टेन्शन धरली तरी फायद्यातच आहे मी. तरी केबलपायी पाचातले दीड मार्क कापतो.

काल रात्री डबा उघडला. आत केबल एका छोट्या कनेक्टरवर आहे, ओढ पडू नये म्हणून साधी गाठसुद्धा मारलेली नाही. एक्स्टेन्शनचं पोर्टचं टोक कापून त्यात राहिलेल्या तारा भरल्या आणि सहा फुटांची नवी केबल घातली. ७ नंबर आधी तपासला. भाचा आता मागच्या सीटवर पाय पसरून आकडे सांगतो.