‘पेशंटला जिना चढता येतो का?’ असं विचारून त्यानं ५९,२०० रुपये नेले

माझ्या थोरल्या बहिणीला २०१८ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, लाईट (म्हणजे रेडिएशनचे शेक) सगळं परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झालं आणि त्यानंतरची वर्षं नीट गेली. २०२४ च्या दिवाळीनंतर तिची कंबर दुखायला लागली. रानात वाकून काम केल्यानं असेल म्हणून आम्ही महिनाभर मलम चोळत बसलो. पेट स्कॅन केल्यावर कळलं, आजार मणक्यात आणि खुब्यात परत आला होता.

पहिल्या वेळी सगळं नवीन असतं, त्यामुळे माणूस प्रत्येकाला विचारतो. दुसऱ्या वेळी आपल्याला वाटतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या खिडक्या ठाऊक, दादरला उतरून कुठून जायचं ते ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की राहायची सोय कशी होते. २०१८ मध्ये आमच्या काकांची कळव्याला खोली होती, सगळे महिने तिथे निघाले. काका गेले, खोली विकली गेली.

मणक्याला दहा शेक द्यायचे ठरले. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे दोन आठवडे मुंबईत राहणं आलं. यंत्राची तारीख मिळाली सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. तोवर एक केमो इकडे बार्शीत घ्यायला सांगितली. ताईला अर्धा तासही बसवत नव्हतं, त्यामुळे एसटीचा प्रश्नच नव्हता. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर, खालचा बर्थ, सकाळी दादर. आणि परळला चालत जाता येईल अशी खोली.

एका रात्री अकराच्या सुमारास मी मोबाईलवर परळमधल्या धर्मशाळा शोधत होतो. एका जुन्या, नामांकित धर्मशाळेचं नाव आलं, खाली मोबाईल नंबर. त्या संस्थेचा यात काडीचा दोष नाही म्हणून नाव लिहीत नाही. तिच्या नावाखाली भलत्याच माणसानं स्वतःचा नंबर टाकून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला. माणूस मराठी बोलत होता, आवाज शांत. त्यानं आधी पैशांचं नावही काढलं नाही. कुठला आजार, पहिल्यांदा आहे की परत झालाय, फाइल जुनी आहे की नवी, शेक आहेत की केमो, तारीख कधीची, सोबत कोण. मग त्यानं विचारलं, “पेशंटला जिना चढता येतो का? नसेल तर तळमजल्यावरची बघतो.”

महिनाभरात हे मला कुणीच विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नावर मी त्याच्यावर विश्वास टाकला. आज वाटतं, तो प्रश्न त्यानं माझ्याआधी कितीतरी लोकांना विचारला असणार. परळला येणाऱ्या माणसाची नड कुठे असते, ते त्याला पक्कं माहीत होतं. आणि आमची तारीख, फाइल नंबर, ताईची अवस्था हे सगळं मीच त्याला सांगून बसलो होतो. केसपेपरचा फोटोसुद्धा पाठवला.

भाडं दिवसाला ७०० रुपये सांगितलं. फार स्वस्त सांगितलं असतं तर मला शंका आली असती. चौदा दिवसांचे ९,८००. आधी २,००० भरले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन: खूप पेशंट थांबलेत, पूर्ण रक्कम भरली नाही तर खोली दुसऱ्याला जाईल. ७,८०० भरले. मग ५,००० अनामत, जाताना परत मिळणार. एकूण १४,८००. शिक्का मारलेली पावती व्हॉट्सॲपवर आली. दाजींनी नुकतीच तूर विकली होती, त्यातले हे पैसे.

याच बोलण्यात तो म्हणाला, “रेल्वेचं तिकीटपण करून देतो, कॅन्सर कोट्यातून कन्फर्म, माणशी दीड हजार.” त्याला मी लगेच नाही म्हणालो, कारण ते मला माहीत होतं. हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म भरून मिळतो. तो आरक्षणाच्या खिडकीवर दिला की उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. यासाठी कुणाही मधल्या माणसाची गरज नसते. मी कुर्डुवाडीच्या खिडकीवर उभं राहून तिकिटं काढली. तिकिटाचा नियम माहीत होता म्हणून मी तिथे वाचलो. खोलीचा नियम माहीत नव्हता, तिथे त्यानं मला गाठलं.

पुढचं सांगायला जड जातं. केमोनंतर दहाव्या दिवशी ताईला ताप भरला. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी खाली येतात, त्या काळात ताप म्हणजे हयगय करायची नसते. तिला बार्शीत ॲडमिट केलं. परळला कळवलं तेव्हा त्यांनी शेक एक आठवडा पुढे ढकलले, २४ फेब्रुवारी. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ठाऊक आहे, तारीख कधीच पक्की नसते. एका रक्ततपासणीवर सगळं आखलेलं मोडतं.

मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून त्या माणसाला फोन केला. रात्रीचे नऊ वाजले होते. तो म्हणाला, “आधी ताईंना बरं वाटू द्या. जुनं बुकिंग रद्द करतो, पैसे परत घ्या, नव्या तारखेचं नंतर भरा.” त्यानं एक क्यूआर पाठवला. स्कॅन करा, १४,८०० दिसतील, पिन टाका की जमा होतील.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. गल्ल्यासमोर माझाही क्यूआर चिकटवलेला आहे, दिवसाला कितीतरी शेतकरी त्यावर पैसे देतात. पैसे घेताना मी आजवर एकदाही पिन टाकलेला नाही, कारण यूपीआयमध्ये पैसे यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे मी दुकानात दुसऱ्यांना समजावून सांगतो. त्या रात्री आत ताईला सलाईन चालू होतं, नर्स औषधाची चिठ्ठी घेऊन उभी होती आणि मी पिन टाकला.

१४,८०० गेले. मी घाबरून फोन केला. तो अजिबात डगमगला नाही. “सर्व्हरचा घोळ झालाय साहेब. आता २९,६०० चा कोड पाठवतो, दोन्ही रकमा एकदमच येतील.” तोही स्कॅन केला. तेही गेले. मग फोन बंद. एकूण ५९,२०० रुपये.

त्यानंतर मी सगळ्यात मोठी चूक केली. मी गप्प बसलो. दाजींना काय सांगू, ताईला कळलं तर तिचा ताप वाढेल, असा विचार करत रात्र काढली. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, अकरा तासांनी. तोवर रक्कम दोन-तीन खात्यांतून फिरून बहुतेक काढून झाली होती. ६,१०० रुपये एका खात्यात गोठवता आले, तेही परत मिळायला कोर्टाचा आदेश लागेल असं सांगितलं. पहिल्या तासात फोन केला असता तर जास्त अडवता आले असते, असं तिथल्या पोलिसांनी स्पष्ट सांगितलं. बँकेनं हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या हलगर्जीनं पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच. पिन मी टाकला होता. पण कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं, म्हणून लाज बाजूला ठेवून त्याच मिनिटाला कळवा. १९३० लागला नाही तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळ, समोरचा नंबर, पावतीचे फोटो जवळ ठेवा. चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं होतं.

ताईचा ताप उतरला आणि आम्ही ठरल्याप्रमाणे निघालो. मुक्काम डोंबिवलीला, दाजींच्या मावसभावाच्या दीड खोलीत. त्या घरात आधीच पाच माणसं होती आणि त्यांनी आम्हाला कधी परकं वाटू दिलं नाही. पण मणक्याला आजार झालेली बाई रोज डोंबिवलीहून लोकलनं परळला. कॅन्सरच्या पेशंटला अपंगांच्या डब्यात बसता येतं, तेवढाच आधार. तरी प्रत्येक धक्क्याला ती माझं मनगट घट्ट धरायची. ते पैसे हातात असते तर तिला टॅक्सीनं नेता आलं असतं. हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात गेलो. पहिल्याच दिवशी, खरं तर गावाहून निघण्याआधीच जायला हवं होतं. तिथल्या बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि त्या नवलानं काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना ही गोष्ट नवी नव्हती. त्यांनी फाइल पाहून पत्र दिलं. ते घेऊन मी ज्या धर्मशाळेच्या नावानं फसलो होतो तिच्याच दारात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनांनी भिंतीवरचा कागद दाखवला. फोनवर खोली दिली जात नाही. पत्र, फाइल आणि पेशंटचं ओळखपत्र घेऊन समोर यावं लागतं, जागा असेल तर त्याच दिवशी मिळते, पैसे इथल्या खिडकीवर भरून छापील पावती घ्यायची. दुसऱ्या दिवशी आम्हाला दोन खाटा मिळाल्या. भाडं त्या माणसानं सांगितलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं.

परळ-दादर भागात अशा खऱ्या जागा आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही नावं तिथे सगळ्यांच्या तोंडी असतात. जागा कमी आणि माणसं फार, म्हणून जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर अजूनही कुटुंबं पथारी टाकून असतात. खोली मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून जो फोनवर ‘मिळेलच’ म्हणतो, त्याचा फोन ठेवून द्या. नंबर लागतोच तर हॉस्पिटलच्या कागदावरून घ्या, शोधताना वर आलेल्या नावाखालचा घेऊ नका. केसपेपरचा फोटो कुणालाही पाठवू नका. पहिले दोन दिवस ओळखीच्यांकडे काढता येतील असं आधीच ठरवून ठेवा, म्हणजे खोलीसाठी कुणाच्या पाया पडायची वेळ येणार नाही.

ताईला हे सगळं सातव्या शेकाच्या दिवशी कळलं. दाजी बोलून गेले. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, “मला सांगितलं असतंस तर तुझी ती रात्र तरी एकट्याची गेली नसती.”

मे महिन्यात तपासणीला परत गेलो. त्याच धर्मशाळेच्या ओसरीवर हिंगोलीकडचे एक गृहस्थ बसले होते, बायकोच्या डोक्याला रुमाल बांधलेला. ते कारकुनांना मोबाईल दाखवत होते. तीच पावती, तोच शिक्का, नंबर वेगळा. दोन हजार आदल्या रात्री भरले होते, उरलेले दुपारपर्यंत मागितले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो, त्यांच्याच फोनवरून १९३० लावला आणि व्यवहार क्रमांक वाचून दाखवला. मग त्यांची फाइल हातात घेऊन आम्ही दोघं समाजसेवा विभागाकडे चालत निघालो.