जी २९च्या खोक्यात भलतंच व्हील

रेसिंग गेमसाठी जुनं स्टिअरिंग व्हील घ्यायचा विचार असेल आणि ते मुंबईहून गाडीवर येणार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

आम्ही देवगडचे. भाच्याला लॉजिटेकचं जी २९ हवं होतं. असलं व्हील हातात घेऊन बघावं असं दुकान आमच्याकडे नाही, म्हणून ऑनलाइन जाहिरातींत शोधलं. मुंबईतला एक जण ११,५०० रुपयांना द्यायला तयार झाला. "दादा, फोर्स फीडबॅक एकदम कडक, व्हिडिओ बघा." (फोर्स फीडबॅक म्हणजे व्हील हाताला देतं तो उलटा जोर.) व्हिडिओत दिसत होतं ते खरंच जी २९ होतं. पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर टाकतो, पण गाडी सुटायच्या आत पूर्ण पैसे, ही त्याची अट. आपल्याकडे आंब्याच्या पेटीपासून औषधांपर्यंत सगळं असंच गाडीवरून येतं-जातं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. फसवणारे विक्रेते नेमका तोच भरवसा वापरतात.

पहाटे नांदगाव तिठ्यावर पार्सल उतरवलं. गाडी थांबते जेमतेम. तिथे खोकं फोडून बघायला कोण देतो? घरी भाच्याने व्हील बाहेर काढलं आणि त्याचा चेहराच उतरला. "मामा, ह्यां ता न्हय." खोकं अस्सल होतं. आत साधं प्लॅस्टिकचं व्हील, वर लोगो चिकटवलेला, आणि वजन भरावं म्हणून तळाशी फरशीचा तुकडा! अस्सल जी २९ला क्लच धरून तीन पेडल असतात. आमच्या खोक्यात दोनच निघाली. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

मुख्य फरक आत असतो. जी २९ या टोकापासून त्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. आतल्या मोटारी गिअरमधून हाताला उलटा जोर देतात. गेममधल्या गाडीचे पुढचे टायर घसरू लागले की व्हील हलकं पडतं आणि ते हाताला कळतं. स्वस्त व्हील बहुतेक २७० अंश किंवा त्याहूनही कमी फिरतं, स्प्रिंगने मध्यावर येतं आणि मोबाईलसारखं नुसतं थरथरतं. त्या थरथरीलाच जाहिरातीत बिनदिक्कत फोर्स फीडबॅक म्हणतात. "सगळ्यावर चालतं" हेही खोटं. जी २९ प्लेस्टेशन आणि पीसीसाठी आहे, एक्सबॉक्ससाठी जी ९२० वेगळं येतं.

ओळखायची खूण अशी. जी २९ला स्वतःचा अडॅप्टर लागतो. तो लावून यूएसबी जोडली की हात न लावता व्हील आपोआप दोन्ही टोकांपर्यंत फिरतं आणि मध्यावर येऊन थांबतं. नुसत्या थरथरणाऱ्या व्हीलला हे जमत नाही. मात्र हे व्हिडिओवर पाहून भागत नाही, कारण दाखवलेलं एक आणि पॅक केलेलं दुसरं असू शकतं. आपल्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी मुंबईत असतंच. त्यांना विक्रेत्याकडे पाठवा, व्हील जोडून फिरताना बघू द्या आणि पैसे तिथेच द्या. विक्रेता याला नाही म्हणाला, तर सौदा सोडा.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक (यूपीआयचा १२ आकडी असतो), हाताशी ठेवा. चॅट पुसू नका, खोकं आणि पार्सलची पावतीही टाकू नका.