ग्लायडर की पॅराग्लायडर: मुंबईतून पहिलं उड्डाण ठरवताना

माझी पुतणी डोंबिवलीला राहते. बोनस हातात पडल्यावर तिने विचारलं, "काका, कामशेतला जाऊ की हडपसरला?" कामशेत म्हणजे पॅराग्लायडर, कापडी पंखाखाली लटकून उडायचं; हडपसर म्हणजे ग्लायडर, बिनइंजिनाचं विमान. खर्चाची चिंता तिला नव्हती. दोन्हींत कमी धोका कशात, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

मुंबईत दोन्ही जमत नाहीत. सांताक्रूझ आणि जुहूच्या विमानतळांमुळे आकाशात विमानांची ये-जा सतत चालू असते. शिवाय दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा तापून वर चढणाऱ्या हवेचा जोर मोडतो, आणि इंजिन नसलेल्यांना तरंगत राहायला तीच हवा लागते. त्यामुळे घाट चढणं आलंच. कामशेत लोणावळा-पुणे लोकलवर आहे. हडपसरला जायचं तर पुणे गाठून पुढे निघायचं आणि निघण्याआधी फोन करून उड्डाणं चालू आहेत ना, हे विचारायचं. पावसाळ्यात कामशेतला तर जाऊच नका.

वारा नसताना ३०० मीटर उंचीवर आहात असं धरा, खाली दादर स्टेशन. १:३४ गुणोत्तराचं, म्हणजे एक मीटर खाली येताना ३४ मीटर पुढे जाणारं शिकाऊ ग्लायडर तिथून सुमारे १० किलोमीटर जाईल, म्हणजे थेट चर्चगेट. पॅराग्लायडर लोअर परळच्या आसपास उतरेल. उतरायची जागा निवडायला हाताशी किती वाव आहे, हे यावरून कळतं. मात्र ग्लायडरचा वेगही जास्त असतो, त्यामुळे जमिनीजवळ झालेली चूक महागात पडते. उतरताना कमी उंचीवर, कमी वेगात वळण घेतलं तर ग्लायडर गरकन फिरून खाली येतं, आणि सावरायला तेव्हा उंची उरलेली नसते. प्रशिक्षक वेगाच्या काट्यासाठी इतके मागे लागतात ते याच कारणाने.

कॉकपिटमधल्या प्रसंगांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण नवख्याला त्यांची कल्पना नसते. मी शिकत होतो तेव्हा विंचने, म्हणजे केबलने ग्लायडर ओढणाऱ्या यंत्राने, वर जाताना अचानक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. बघतो तर कॅनोपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, कड बोटभर उचललेली. माझा हात स्टिक, म्हणजे ग्लायडर चालवायचा दांडा, सोडून आपोआप तिकडे निघाला, तोच मागून प्रशिक्षकांचा आवाज आला: "हात स्टिकवर. बाहेर बघ." बस्स, एवढंच. केबल सुटली, आम्ही शांतपणे एक फेरी मारून उतरलो. नंतर पाहिलं तर पट्ट्याचं टोक काठाखाली अडकून खिट्टी अर्धीच बसली होती. घोळ जमिनीवरच झाला होता आणि तो माझाच होता.

२०२४ मध्ये एका डच एरोबॅटिक वैमानिकेने आपल्या उड्डाणाचा व्हिडिओ टाकला होता. तिच्या विमानाची कॅनोपी हवेत उघडून फुटली. खिट्टी नीट बसली नव्हती आणि निघण्याआधी ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. ते इंजिनवालं विमान होतं, पण धडा तोच. वाऱ्याने तिला डोळे उघडे ठेवणं अवघड झालं होतं, तरी तिने विमान उडवणं सोडलं नाही. कॅनोपी धरायच्या नादात स्टिक सुटली की साधा प्रसंग अपघात होतो.

बाकीच्या गोष्टीही अशाच छोट्या. सैल ठेवलेला मोबाइल किंवा पाण्याची बाटली घरंगळून स्टिकच्या बुडाशी अडकते. निळी मूठ एअरब्रेकची, म्हणजे खाली उतरताना पंखांवर उघडायच्या ब्रेकची. ती बंद करून अडकवली नसेल तर वर जाताना ब्रेक उघडतात आणि चढणं मंदावतं. पिवळी मूठ केबल सोडायची, लाल कॅनोपी फेकून द्यायची. कुठल्या मुठीला हात लावायचा नाही, हे बसल्या बसल्या मागच्या सीटवरच्या प्रशिक्षकाला विचारून घ्या. केबल मध्येच तुटली तर आधी नाक खाली, मग वेग, मग पुढचा निर्णय. प्रशिक्षक मुद्दाम न सांगता केबल सोडून याचा सराव करून घेतात. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, दहाव्यांदा हात आपोआप पुढे जातो.

पॅराग्लायडरमध्ये कॉकपिटच नाही. तिथे धोका हवेत असतो. वाऱ्याच्या झोतात पंखाची एक बाजू मिटते. बहुतेकदा ती पुन्हा उघडते, नाही उघडली तर राखीव पॅराशूट. मार्च-एप्रिलच्या भर दुपारी हवा फार उसळते, म्हणून पहिल्या टँडमसाठी, म्हणजे वैमानिकासोबतच्या दोघांच्या उड्डाणासाठी, सकाळ किंवा संध्याकाळ मागा. तरी इथेही माणूस विसरतोच. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका हँग ग्लायडरच्या (ताठ सांगाड्याच्या पंखाखाली लटकून उडायचं ग्लायडर) प्रवाशाचा पट्टा अडकवायचाच राहिला. तो दोन मिनिटांहून जास्त वेळ हातांनी लटकत खाली आला. पॅराग्लायडरमध्ये मांडीचे पट्टे राहून गेल्यानेही माणसं गेली आहेत.

कुणी काय निवडावं? गुडघे दुखत असतील, वय झालं असेल, तर ग्लायडर. पॅराग्लायडरला धावत निघावं लागतं, कधी धावत उतरावंही लागतं. एकदाच अनुभव घ्यायचा आणि सह्याद्री पायाखाली बघायचा असेल, तर टँडम. पण शिकायचं असेल तर माझं मत ग्लायडरच्या बाजूने आहे. ग्लायडरला विमानासारखी नोंदणी आणि तपासणी असते, मागे बसलेला प्रशिक्षक तुमची चूक तिथल्या तिथे सुधारतो, आणि जे बिघडतं त्यातलं बरंचसं निघण्याआधी हात लावून तपासता येतं.

पुतणी जानेवारीत हडपसरला जायचं म्हणतेय. तिला एकच काम सांगून ठेवलंय: कॅनोपी लावली की आतून तळहाताने ती वर ढकलून बघ. हलली तर खाली उतर, पुन्हा लाव.