कादंबरीतल्या खुनासाठी फौजदारी संहिता: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दहा महिन्यांपूर्वी माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा मी ओळखीच्या एका निवृत्त सरकारी वकिलांना वाचायला दिला. परत आला तेव्हा एकोणिसाव्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ होती: ‘ही कबुली कोर्टात टिकणार नाही.’ त्या पानावर आरोपी पोलीस निरीक्षकासमोर खून कबूल करत होता, आणि पुढची चार प्रकरणं त्याच कबुलीवर उभी होती. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, आधी मूळ कायदा वाचा, मग निकाल वाचा, मग कोर्टात जाऊन बसा. माझ्याकडे सगळ्यात शेवटी या.” मी तसंच केलं. या तिन्ही गोष्टी वापरून काय हाती लागलं, ते लिहिते.

मूळ कायदा म्हणजे ज्याला वकील ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणतात तो, भाष्य नसलेला मजकूर. उघडण्याआधी आपल्या कथेतला गुन्हा कोणत्या तारखेला घडतो हे पक्कं करा. 1 जुलै 2024 पासून 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. माझा खून 2023 च्या पावसाळ्यातला होता, म्हणजे कलम 302. मी तो ऑगस्ट 2024 मध्ये नेला आणि कलम 103 झालं. नुसता आकडा बदलला असं वाटलं होतं, पण तपासाची चालच बदलली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावं लागतं, जप्त वस्तूंची यादी बनवणं आणि त्यावर साक्षीदारांनी सह्या करणं हेही त्यात आलं. तारीख बदलल्यामुळे माझ्या कथेत एक मोबाईल आला, त्यात एक चित्रफीत आली, आणि त्या चित्रफितीत एक पंच, म्हणजे पोलिसांनी बोलावलेला साक्षीदार, सही करताना दिसतच नाही. कथेचा उत्तरार्ध मला त्या न दिसणाऱ्या माणसाने दिला.

संहिता सलग वाचायचं पुस्तक नाही. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सोडून दिला. मग फक्त मुदती शोधत वाचायला लागले, तेव्हा ती उघडली. अटकेपासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत आरोपी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर हवा. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांची. जुन्या कायद्यात हे दिवस पहिल्या पंधरवड्यातच संपवावे लागत. नव्या कलम 187 मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या गंभीरतेप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत पसरून घेता येतात. खुनासारख्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे नव्वद दिवस अटकेपासून मोजत नाहीत, दंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजतात. एका दिवसाचा फरक, पण माझं अकरावं प्रकरण आता पूर्ण त्या एका दिवसावर चालतं: तपास अधिकारी व्हिसेराच्या, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांच्या तपासणीच्या, अहवालाची वाट बघतोय आणि आरोपीचा वकील कॅलेंडर बघतोय.

पण मला सगळ्यात जास्त दिलं ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 ने. पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे अनेकांना माहीत असतं. त्याला जोडलेला अपवाद मात्र लेखकासाठी खाण आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट सापडली, तर त्या माहितीचा जेवढा भाग त्या शोधाशी थेट जोडलेला असेल, तेवढाच पुराव्यात येतो. समजा, आरोपी म्हणाला, “ज्या कोयत्याने मी त्याला मारलं, तो मी विहिरीजवळच्या कडब्यात लपवलाय, चला दाखवतो.” यातलं ‘मी त्याला मारलं’ गळतं आणि ‘कडब्यात लपवलाय’ राहतं. एका माणसाचं एकच वाक्य कायदा मधोमध चिरतो. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1946 मध्ये हे इतकं नीट सांगितलं की आजही निकालांमध्ये त्याचाच आधार घेतला जातो. शोध म्हणजे नुसती वस्तू नव्हे. ती जिथून निघाली ती जागा आणि आरोपीला असलेली त्या जागेची माहिती, हेही त्यात येतं. हे समजल्यावर मी संवाद वेगळ्या पद्धतीने लिहायला लागले. माझा निरीक्षक आता कबुलीच्या मागे लागत नाही. त्याला जागा हवी असते, आणि त्या क्षणी दोन पंच हजर हवे असतात.

निकालांकडे वळताना मी एक चूक केली. गाजलेल्या शिक्षांचे निकाल वाचत बसले. त्यात सगळं जुळलेलं असतं, लेखकाला हात घालायला फट मिळत नाही. निर्दोष सुटकेचे निकाल वाचा. सुरुवात 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने करा. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं सर्वोच्च न्यायालयाने तिथे मांडली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. ‘केला असावा’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांतलं अंतर तिथे पानोपानी मोजलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहात मोफत वाचता येतात. मी एक वही केली, तिच्यात फक्त खटला कुठे फाटला ते टिपलं: मुद्देमालाचं सील आणि प्रयोगशाळेत पोचलेलं सील जुळलं नाही, ओळख परेडच्या आधीच साक्षीदाराला आरोपी दाखवला, पंचनाम्यावरची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ एकमेकींना खोटं पाडतात. एक इशारा देते. ही वही भरली की प्रत्येक चूक कथेत घालावीशी वाटते. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात सहा होत्या, आणि पोलीस नुसते बावळट दिसत होते. आता एक आहे, आणि ती थकलेल्या, प्रामाणिक हवालदाराच्या हातून होते.

प्रथम खबरीचे अहवालही वाचण्यासारखे आहेत. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळून ते पोलिसांच्या संकेतस्थळांवर टाकले जातात. छापील नमुन्यात ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर असा रकाना असतो, आणि तक्रार उशिरा देण्याचं कारण असाही. त्या दुसऱ्या रकान्यात घाबरलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य मावतं. फक्त त्यातली खरी नावं, गावं, नाती उचलू नका. ती माणसं अजून त्या दुःखात आहेत.

मग कोर्ट. फौजदारी न्यायालय सर्वसाधारणपणे खुलं असतं, लैंगिक अत्याचाराचे खटले मात्र बंद दालनात चालतात. मी आठवड्यातून एक दिवस असं जवळजवळ पाच महिने सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसले. हातोडा नाही, गीतेवर हात नाही, ज्यूरी नाही. साक्षीदार ईश्वराची शपथ घेतो किंवा प्रतिज्ञेवर सांगतो. बराच वेळ काहीच घडत नाही: साक्षीदार आला नाही, वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख. पण एक गोष्ट मला कुठल्याही पुस्तकातून कळली नसती. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार अडखळत उत्तर देतो, आणि न्यायाधीश त्यातून एक सलग वाक्य बनवून टंकलेखकाला सांगतात: ‘हे म्हणणे खोटे आहे की, पंचनामा पोलीस ठाण्यात बसून तयार केला.’ प्रश्न नाहीसा होतो. अडखळणंही नाहीसं होतं. साक्षीदाराचे थरथरणारे हात कागदावर येतच नाहीत. एका म्हाताऱ्या बाईंना उलटतपासात घराचं दार कुठल्या दिशेला उघडतं ते विचारलं, आणि त्या हवेत हात फिरवून दार शोधत राहिल्या. नोंद झाली, ‘मला दिशा सांगता येणार नाही.’ त्या दिवशी घरी येऊन मी उलटतपासाचं प्रकरण फाडलं आणि पहिल्यापासून लिहिलं.

चॅटबॉटही वापरून पाहिला. तो जुनी आणि नवी कलमं बेमालूम मिसळतो, आणि एकदा त्याने दिलेला निकाल शोधून शोधूनही सापडला नाही. शब्द सुचवायला ठीक आहे, कायद्यासाठी मी तो पूर्ण बंद केला.

या सगळ्यात जे मिळत नाही, तेही सांगायला हवं. रात्री तीन वाजता ठाण्यात कसला वास येतो, ठाणे अंमलदार चिडलेल्या फिर्यादीला कसं बसवतो, आरोपीची आई डबा घेऊन कुठे उभी राहते, हे संहितेत नाही आणि निकालातही नाही. त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं. पण कागद वाचून गेलेल्या माणसाशी पोलीस वेगळं बोलतात. मी ‘मेमोरंडम पंचनामा’ (आरोपीने सांगितलेल्या माहितीची पंचांसमोर केलेली नोंद) हा शब्द वापरला तेव्हा समोरच्या फौजदारांनी खुर्ची पुढे ओढली आणि तासभर बोलले.

एकोणिसावं पान आता पूर्ण बदललं आहे. कबुली नाही. ठाण्यात एक टेबल, दोन पंच, आरोपीने सांगितलेली एक जागा, आणि बाहेर सुरू ठेवलेली जीप. मागच्या महिन्यात खर्डा परत त्या वकीलसाहेबांकडे गेला. पेन्सिलीने पुन्हा एकच ओळ आली: ‘पंच क्रमांक दोन कुठे राहतो?’ त्याचं उत्तर लिहायला मला सात पानं लागली.