स्नोक्वॉल्मी, स्टीव्हन्स की क्रिस्टल? सिएटलच्या बोर्डवाल्यांसाठी

दरवर्षी गणपती झाले की आमच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच: यंदा स्नोबोर्डिंगसाठी मोसमाचा पास कुठला घ्यायचा? घाई रास्त आहे. वसंतात सर्वांत स्वस्त असलेले पास टप्प्याटप्प्यानं महाग होत जातात, आणि थंडी पडल्यावर जागं होणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. आयकॉन हा पास घेतला तर सिएटलजवळचे क्रिस्टल आणि स्नोक्वॉल्मी हे स्की एरिया, एपिक घेतला तर स्टीव्हन्स आणि सीमेपलीकडचं व्हिस्लर. कोणत्या पासवर कुठे किती दिवस, हे तपशील मोसमागणिक बदलतात, ते तुम्ही बघालच.

व्हिस्लरचं आधीच उरकतो. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा हवा, परत येताना इथले कागद नीट हवेत, आणि एका बाजूचं ड्रायव्हिंग चार-साडेचार तासांचं. वर्षातून एकदा लाँग वीकेंडला जरूर जा. पण सकाळी निघून रात्री घरी, या हिशेबात ते बसत नाही.

स्नोक्वॉल्मी जवळ आहे, आणि हा मुद्दा छोटा नाही. आय-९० हा मोठा हायवे, इसाक्वा-समामिशकडून तर तासाच्या आत पोहोचता. ऑफिस सुटल्यावर बोर्ड गाडीत टाकून दिव्यांच्या उजेडात तीन-चार तास खेळून झोपायला घरी येता येतं. तिथल्या समिट वेस्ट या भागात नवशिक्यांसाठी मॅजिक कार्पेट, म्हणजे उभ्यानं वर नेणारा सरकता पट्टा, आणि सौम्य उतार आहेत. हात बसलेल्यांसाठी हायवेच्या पलीकडे आल्पेंटल आहे आणि ते चांगलंच उभं आहे, नवख्या मित्राला उत्साहाच्या भरात तिथे नेऊ नका. वेस्ट, सेंट्रल, ईस्ट एकमेकांना जोडणाऱ्या वाटा मात्र बऱ्याच सपाट आहेत. स्कीवाले काठ्या मारत पुढे जातात आणि आपण एक पाय सोडून बोर्ड ढकलत बसतो. तेही चालवून घेतलं असतं.

माझं घोडं अडलं ते उंचीपाशी. स्नोक्वॉल्मीची खिंड जेमतेम ३,००० फुटांवर आहे. पॅसिफिककडून येणारी दमट हवा कॅस्केड्सच्या डोंगररांगेवर चढते आणि भरभरून हिमवर्षाव करते हे खरं, पण ही हवा मुळात फार थंड नसते. त्यामुळे पाऊस कुठे संपतो आणि बर्फ कुठे सुरू होतो ती रेषा ऐन जानेवारीतसुद्धा ३,००० फुटांच्या वर-खाली नाचत असते. ती ३,५०० वर असेल तर स्नोक्वॉल्मीच्या पायथ्याला पाऊस आणि त्याच वेळी स्टीव्हन्सला बर्फ. हजार फुटांनी तापमानात साधारण २ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. एरवी तो कुणाच्या लक्षातही येणार नाही, शून्याच्या आसपास मात्र त्यावरच सगळं ठरतं. कधी पूर्वेकडची थंड हवा खिंडीतून जमिनीलगत वाहते आणि वर ऊबदार हवा असते. मग पडणारा पाऊस गॉगलवर आणि जॅकेटवर काचेसारखा गोठतो.

स्कीवाले म्हणतील, थोडं भिजलं तर बिघडलं कुठे? त्यांचं बिघडत नाही, कारण ते बसत नाहीत. स्कीवाला लिफ्टवरून उतरतो आणि सरळ खाली सुटतो. आपण एका पायावर उतरतो, घसरत बाजूला होतो आणि बर्फात बैठक मारून मागचा पाय बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या पट्ट्यांत, अडकवतो. दर फेरीला. बर्फ कोरडा असेल तर उठल्यावर एक हात फिरवला की झालं. पण इथे ज्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात तो जड, पाणी धरलेला बर्फ असेल तर बसल्या जागी तो दबतो आणि त्यातलं पाणी वर येतं. पँटवर वॉटरप्रूफ म्हणून काहीही आकडा छापलेला असो, सगळं वजन एका जागी आलं की पाणी शिवणीतून आत शिरतंच. वर पुन्हा चेअरलिफ्टची सीट ओली. दुपारपर्यंत आतलं थर्मल चिकटायला लागतं, वर जाताना वारा लागला की दात वाजतात, आणि बोर्ड सोडून लॉजमध्ये कॉफीचा कप धरून बसावंसं वाटतं. एवढा खर्च करून लॉजमध्ये बसायचं असेल तर घरचा चहा काय वाईट?

यावर उपाय नाहीत असं नाही. बर्टनच्या स्टेप-ऑन बाइंडिंगमध्ये उभ्यानंच पाय अडकतो. मी घेतल्या, आणि फरक पडला. पण बसणं पुरतं सुटत नाही: मागे राहिलेल्या मित्राची वाट बघताना, उतार संपण्याआधी दम खाताना, आणि अर्थातच पडल्यावर. कुणाला हे कारण पोरकट वाटेल. मला विचाराल तर दिवस कसा जाणार हे त्याच्यावरच ठरतं.

स्टीव्हन्स पास (इथे पास म्हणजे खिंड) ४,०६१ फुटांवर आहे. तिथे पाऊस पडतच नाही असं मी म्हणणार नाही, पडतो. पण बसून उठल्यावर पँट झटकता येते असे दिवस मला तिथे बरेच जास्त मिळाले. उतारही बोर्डला मानवतात, समोरच्या बाजूला स्कायलाइन आणि हॉग्जबॅक, आणि माथ्यापलीकडे मिल व्हॅली. तिकडचा बर्फ मला थोडा निराळा, जरा सुका वाटतो, अर्थात ऊन लागेपर्यंत. नवशिक्यांना डेझी लिफ्ट आहे, पण शिकायला जागा स्नोक्वॉल्मीएवढी नाही.

स्टीव्हन्सचं दुखणं म्हणजे तिथे नेणारा यूएस-२ हायवे. मन्रो सोडलं की बहुतेक ठिकाणी एकेकच लेन. सल्टन, स्टार्टअप, गोल्ड बार अशी गावं लागतात, सिग्नल लागतात. रविवारी दुपारी डोंगर उतरणारी सगळी गाडी-मंडळी याच पट्ट्यात येतात. डिसेंबरात खिंडीपलीकडच्या लेव्हनवर्थ गावातली रोषणाई बघून परतणारेही त्यात मिसळतात. चार वाजता निघालात तर जेवणाची वेळ गाडीतच होणार. मी यावर साधी युक्ती केली आहे: रात्रीच्या खेळासाठी उतारांवर दिवे लागतात त्या दिवशी उशिरा जायचं आणि उशिरा निघायचं. मिल व्हॅली दुपारनंतर बंद होते, पण समोरचे उतार चालू असतात, गर्दी ओसरते, आणि रात्री निघालं की सल्टनचा सिग्नल एका फटक्यात पार होतो. डब्यात पोळीचे रोल आणि थर्मासमध्ये चहा असला की पार्किंगमध्येच पोटोबा होतो.

निघण्याआधी राज्याच्या वाहतूक खात्याचे खिंडीतले कॅमेरे बघाच. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी असली म्हणजे चाकांना लावायच्या साखळ्या नकोत, असा बऱ्याच जणांचा समज असतो. वॉशिंग्टनचा नियम असा, की साखळ्या सक्तीच्या झाल्या तर अशा गाडीला त्या चढवण्यातून सूट मिळू शकते, पण गाडीत त्या असायलाच लागतात.

आणि क्रिस्टल? देखणेपणात त्याच्या जवळपास कुणी नाही. पायथाच ४,४०० फुटांवर, माथा ७,००० च्या वर, राज्यातला सगळ्यात मोठा स्की एरिया. आकाश मोकळं असेल तर गोंडोलातून, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यातून, वर पोहोचताच १४,४१० फुटांचा माउंट रेनियर अख्खा समोर उभा असतो. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना इथेच न्या, फक्त बघायला येणाऱ्यांनाही गोंडोलाचं तिकीट मिळतं. पावडरच्या, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाच्या, दिवशी क्रिस्टल बाकी दोघांना मागे टाकतं हे मला मान्य आहे. अडचण इतकीच की ते प्रामुख्यानं दिवसाचं ठिकाण आहे आणि रस्ता तिथेच संपतो. ४१० नंबरच्या हायवेवरून आत वळलेला फाटा म्हणजे येण्याची आणि जाण्याची एकच वाट, आणि लिफ्ट थांबल्या की सगळे एकदम तिच्यावर. माझी उशिरा निघण्याची युक्ती तिथे चालत नाही.

माउंट बेकर या आणखी एका स्की एरियाचं नाव बोर्डवाल्यांत आदरानं घेतात. १९९८-९९ च्या मोसमात तिथे १,१४० इंच बर्फ पडला होता, आणि १९८५ पासूनची तिथली बँक्ड स्लॅलम शर्यत या खेळाच्या इतिहासाचा भाग आहे. पण अडीच-तीन तास जायला आणि तेवढेच यायला. शिवाय खोल बर्फात झाडांच्या बुंध्याशी पोकळ्या राहतात. दोन्ही पाय बोर्डला बांधलेला माणूस डोक्यावर आत गेला तर एकट्यानं बाहेर पडणं महाकठीण, म्हणून झाडीत जोडीदाराशिवाय शिरू नका. हे स्टीव्हन्सलाही लागू आहे.

पहिलंच वर्ष असेल किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर माझं सगळं ऐकूनही स्नोक्वॉल्मीलाच जा, जाण्याआधी हिमरेषेचा अंदाज तेवढा बघून. केंट-ऑबर्नकडे राहत असाल तर क्रिस्टलच्या बाजूनं बरंच बोलता येईल. मी बॉथेलला राहतो, तिथून ५२२ नंबरचा हायवे धरून मन्रोला लागायला वेळ लागत नाही. तेव्हा माझ्या मतात घराच्या पत्त्याचाही वाटा आहे, तेवढा वजा करून घ्या. तरीही एपिकचा पास मी दरवर्षी उन्हाळ्याआधीच घेऊन ठेवतो.