कोल्हापुरात मासे निवडताना: ‘नो युवर फिश’च्या दिनदर्शिकेचा वर्षभराचा अनुभव

कोल्हापूर हे मटणाचे गाव असले तरी रविवारी सकाळी सुरमई आणि बांगड्यासाठी रांग लावणारी घरे इथे कमी नाहीत. मालवण, देवगड, रत्नागिरीचे मासे गगनबावडा, फोंडा किंवा आंबा घाट चढून आपल्यापर्यंत येतात, पण तो मासा कोणत्या जाळ्यात सापडला आणि तेव्हा त्याच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, होती का, ही माहिती बंदरावरच राहते. किनाऱ्यावरच्या माणसाला हे निदान डोळ्यांनी दिसते, आपल्याला मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. ‘नो युवर फिश’ (Know Your Fish, म्हणजे ‘आपला मासा ओळखा’) या उपक्रमाची दिनदर्शिका मी गेले वर्षभर खरेदीसाठी वापरते आहे ती याच कारणाने.

संशोधक आणि स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम पश्चिम किनाऱ्यावरच्या माशांपुरता आहे. कोणत्या महिन्यात कोणता मासा घ्यावा आणि कोणता टाळावा, हे त्यांच्या संकेतस्थळावर महिनावार दिलेले असते. त्यामागचे तत्त्व सरळ आहे. मासा ज्या काळात अंडी घालतो त्या काळात त्याला मागणी कमी राहिली, तर पुढच्या पिढीला वाव मिळतो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की इथे मासे सोडा असा उपदेश नाही. या महिन्यात हा नको, त्याऐवजी तो घ्या, एवढेच सांगितलेले असते. यादी पाहून बाजारात गेल्यामुळे पापलेट आणि सुरमई यांच्यापलीकडे माझी नजर गेली, आणि सौंदाळे व मांदेली आमच्या घरात नियमित येऊ लागली.

दिनदर्शिकेची खरी कसोटी लागते ती आखाडात. श्रावण पाळायचा म्हणून त्याआधीच्या महिन्यात आपल्याकडे मांसाहाराला जोर चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तरीही बाजारात सुरमई दिसते. ती कुठून येते, असे माझ्या नेहमीच्या मासेवाल्या मावशींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, आपल्याकडचा दर्या बंद हाय. ही तिकडनं पूर्वेकडनं आल्याली, न्हाईतर कोल्ड स्टोरेजची.” त्यांचे म्हणणे बंदीच्या तारखांशी जुळते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, त्यामुळे आखाड लागेपर्यंत तिकडच्या बोटी पुन्हा समुद्रात गेलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यासाठी केलेली यादी अशा माशाला लावता येत नाही, हे ग्राहकाने ध्यानात ठेवायला हवे. त्या दोन महिन्यांत मी यादीपेक्षा मावशींच्या उत्तरावर अधिक विसंबते, आणि मासा कुठला हे सांगता आले नाही तर घेत नाही.

महिन्याइतकाच आकारही महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला, आणि त्याच सुमारास राज्य शासनाने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर आहे. त्याहून लहान पापलेटला एकदाही अंडी घालण्याची संधी मिळालेली नसण्याची शक्यता मोठी असते. मी पिशवीत शिवणकामाची टेप ठेवते आणि मासा कापण्यापूर्वी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मापते. सुरुवातीला मावशींना ते विचित्र वाटले, आता त्या स्वतःच बारकी पापलेटे माझ्यासमोर ठेवत नाहीत. खरी अडचण हॉटेलांत येते. थाळीत प्रत्येकाला अख्खे पापलेट द्यायचे आणि दरही आटोक्यात ठेवायचा, तर मासा लहानच घ्यावा लागतो. थाळीत अख्ख्या माशाचा आग्रह न धरता मोठ्या माशाची तुकडी मागणे, हे गिऱ्हाईक म्हणून आपल्याला सहज करता येण्यासारखे आहे. तळलेल्या माशाचे माप घेण्यात मात्र अर्थ नाही, कारण शेपटी आणि पर आधीच कापलेले असतात.

तिसरा प्रश्न जाळ्याचा. महिन्यांची यादी तुमच्या हातातला विशिष्ट बांगडा रापणीतला (किनाऱ्यावरून ओढायच्या पारंपरिक जाळ्यातला) की पर्ससीनचा, हे सांगू शकत नाही. पर्ससीन जाळे अख्खा थवा एकदम वेढते, आणि ट्रॉलरच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेलेल्या, जाळ्यात कोळंबीबरोबर कितीतरी माशांची पिल्ले येतात. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांची त्याबद्दलची तक्रार अजून संपलेली नाही. घाटावरच्या विक्रेत्याला जाळ्याची माहिती क्वचितच असते, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो पुढच्या खेपेला व्यापाऱ्याला विचारील, असा माझा अनुभव आहे. तोपर्यंत मी खाडीत हाताने वेचलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या की आनंदाने घेते. मोरी, म्हणजे शार्क, मात्र मी पूर्ण सोडली आहे. मालवणी पद्धतीचे मोरीचे मटण मला फार आवडत असे, परंतु बांगडा लाखांच्या संख्येने अंडी घालतो, तर मोरीला मोजकीच पिल्ले होतात आणि तिच्या बहुतेक जाती सावकाश वाढतात.

कोल्हापूरकराला आणखी एक गोष्ट लागते, ती समुद्राच्या यादीत असण्याचे कारणच नाही. पहिल्या पावसात पंचगंगा, भोगावती, कासारी यांच्या पाण्यातून चढणीचे मासे वर येतात आणि ओढ्यांत, शेताच्या बांधांवर गाभोळीसकट पकडले जातात. ते खाणे हा इथल्या अनेक घरांचा जिव्हाळ्याचा विषय आहे, आमच्याही. पण समुद्रातल्या बांगड्याला जो नियम आपण लावतो, तोच या माशांनाही लागतो. शिवाय उन्हाळ्यात पंचगंगेच्या दूषित पाण्यात मासे तडफडून मेल्याचे आपण वारंवार पाहिले आहे, त्यामुळे जे वाचतात त्यांना अंडी घालू देणे अधिकच गरजेचे आहे. यंदा आम्ही चढणीचे मासे आणले नाहीत. नद्यांच्या माशांसाठीही अशीच महिनावार यादी कोणी तयार केली, तर ती मी पहिली वापरीन.

दिनदर्शिका सुरू करायला ऑगस्ट उत्तम. बंदी उठलेली असते, श्रावण संपेपर्यंत यादी वाचायला सवड मिळते, आणि भाद्रपदात गणपती गेल्यावर पहिल्या रविवारी बाजारात जाताना काय मागायचे ते ठरलेले असते.