प्रश्नसंच घ्यायचा तर त्यातले चुकीचे पर्याय बघून घ्या

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका बऱ्याच, त्यामुळे स्पर्धा परीक्षेचं जे काही छापून येतं ते माझ्या मशीनच्या काचेवर पालथं पडतंच. इतिहास घेऊन बी.ए. केलंय, म्हणून मशीन चालू असताना चार ओळी वाचायची सवय. सध्या पोरापोरींच्या हातात निळ्या मुखपृष्ठाचा, भारताचा आणि जगाचा इतिहास एकत्र असलेला एक जाड प्रश्नसंच दिसतो. पुढे थोडं वाकडं बोलणार आहे, म्हणून प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. घेणाऱ्यांना कळेल.

बरोबर उत्तर काय, कुणीही छापतं. मी बाकीचे तीन पर्याय बघते. पुस्तक करणाऱ्यानं डोकं चालवलंय का, ते तिथं कळतं.

सातारा संस्थान खालसा कधी झालं, हा नेहमीचाच प्रश्न. यात पर्याय दिलेत १८१८, १८३९, १८४८ आणि १८५४. चारही सालांना अर्थ आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं. १८३९ मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला धाडलं आणि धाकटे भाऊ आप्पासाहेब गादीवर आले. १८४८ मध्ये आप्पासाहेब वारले. त्यांनी घेतलेलं दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानलं नाही आणि संस्थान गेलं, म्हणजे उत्तर हे. १८५४ नागपूर संस्थान खालसा झाल्याचं. नुसती सालं घोकणारा १८३९ वर हमखास अडकतो, कारण ‘राजाला काढलं’ एवढंच त्याच्या डोक्यात असतं. स्पष्टीकरणात रंगो बापूजींचाही उल्लेख आहे. प्रतापसिंहांची बाजू मांडायला हा माणूस विलायतेत जाऊन कित्येक वर्षं झगडला. एरवी अशा पुस्तकांत त्यांना ओळसुद्धा मिळत नाही.

कालक्रम लावायचे प्रश्नही चांगले आहेत. पेशवे आणि इंग्रजांच्या लढाया घ्या: खडकी, कोरेगाव, आष्टी. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची आणि आष्टीची त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली. कोरेगाव म्हटलं की आमच्याकडची निम्मी पोरं आपल्या तालुक्याचं कोरेगाव समजतात. लढाई झाली ते भीमेकाठचं, पुणे जिल्ह्यातलं. पुस्तकानं तळटीप टाकून ते सांगितलंय, शाबास. आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि तिथंच प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले, म्हणजे हा प्रश्न वरच्या प्रश्नाचा मागचा धागा झाला. पण तो एक पान सोडून नाही, पार दुसऱ्या प्रकरणात आहे. जोडायचं काम आपलं आपणच करायचं.

प्रतिसरकारच्या प्रश्नावरून तर माझ्या काउंटरवर भांडण झालं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून चालवलेलं लोकांचं सरकार, कोणत्या जिल्ह्यात होतं? उत्तर सातारा. पलूसकडचा एक पोरगा हटून बसला, “काकू, कुंडल आमच्या सांगलीत आहे, उत्तर चुकलंय.” उत्तर चुकलेलं नाही. प्रतिसरकार उभं राहिलं त्या १९४३ साली सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. ही एक ओळ उत्तराखाली हवी होती. सांगली आणि सातारा दोन्ही पर्यायांत ठेवायचे आणि खुलासा करायचा नाही, हा आळस झाला.

जगाच्या इतिहासाला मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी हात लागलाय. फ्रेंच राज्यक्रांती कोणत्या साली? पर्याय १४९२, १७८९, १९४५ आणि १९९१. यात परीक्षा कसली? १७७६, १७८९, १८३०, १८४८ दिलं असतं तर पोरांना अमेरिकेचं स्वातंत्र्य आणि फ्रान्सच्या पुढच्या दोन क्रांत्या वेगळ्या काढाव्या लागल्या असत्या. १८४८ मध्ये इकडं साताऱ्याची गादी जात होती, त्याच साली तिकडं पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा लुई फिलिप गादी सोडून इंग्लंडला पळाला. एकाच पुस्तकात दोन्ही असून कुणाला सुचलं नाही.

बोल्शेविकांनी सत्ता कधी घेतली, या प्रश्नाला ऑक्टोबर १९१७ आणि नोव्हेंबर १९१७ असे दोन्ही पर्याय आहेत आणि उत्तरतालिकेत नुसतं ‘ऑक्टोबर’. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालायची. तिथली २५ ऑक्टोबर म्हणजे आपली ७ नोव्हेंबर. आयोगाच्या पेपरात असा प्रश्न आला तर लोक हरकती घेतील. दुकानात विचारतात त्यांना मी सांगते, ७ नोव्हेंबर विसरायची नाही. १९०० साली त्याच तारखेला बाबासाहेब आपल्या साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, विद्यार्थी दिवस त्याचाच.

आता कागद आणि बांधणी. इथं मी धंद्यातली म्हणून बोलते. कागद पिवळट पण बरा, मागची शाई पुढे दिसत नाही. उत्तरं प्रश्नाखाली न देता प्रकरणाच्या शेवटी दिलीत, ते उत्तम, डोळा चोरून खाली जात नाही. बांधणी नुसत्या गोंदाची. पहिली उजळणी संपायच्या आत मधली पानं हातात येतात. नकाशे इतके काळपट की पानिपत कुठं आणि प्लासी कुठं, बोटानं चाचपावं लागतं.

छापील किंमत तीनशेच्या घरात, सूट मागितली की थोडी उतरते. आधुनिक भारत आणि महाराष्ट्राच्या भागासाठी घ्यायला हरकत नाही. जगाचा भाग सोडून द्या. त्यासाठी बालभारतीचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक वाचा, युरोपातल्या प्रबोधनापासून शीतयुद्धापर्यंत सगळं सरळ मराठीत आहे आणि पीडीएफ फुकट मिळते. निळं पुस्तक घेतलंत तर पानं सुटायच्या आधी स्पायरल करून घ्या. आणि एकानं विकत घेऊन बाकीच्या चौघांनी अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मागायला येऊ नका, मी काढत नाही.